छताने ठोक्याला दिलेलं उत्तर

त्याला सगळे ठोक्या म्हणत. पंखे, झुंबरं, पाळणे टांगून देणं हा त्याचा धंदा, आणि बोटाच्या पेरांनी छत ठोकून बघितल्याशिवाय ड्रिलला हात लावायचा नाही हा हट्ट. बायको म्हणायची, "माझ्याशी इतकं बोलला असतात, तर संसार सोन्याचा झाला असता!" हा आपला वर कान लावून उभा. आणि बरोबरच होतं त्याचं! जुन्या घरात वर स्लॅब असेल, नाहीतर लाकडी पट्ट्यांवर लिंपलेला नुसता चुना. चुन्यात हुक मारला, की पाळणा आणि बाळ दोन्ही खालीच की हो!

त्या दिवशी एका जुन्या घरी पाळणाच टांगायचा होता. बाळाची आई घाईला आलेली. "सासरे म्हणतात, स्लॅब आहे, हत्ती टांगा. आटपा लवकर, याला कडेवर घेऊन हात मोडून आलाय."

ठोक्या शिडीवर चढला. खोलीच्या मधोमध ठोकलं. पोकळ! म्हणजे सासरेबुवांचं सगळं अंदाजपंचे, हा चुनाच. आता हुक धरेल अशी तुळई शोधायला हवी. पट्ट्या तुळईलाच खिळ्यांनी ठोकलेल्या असतात, म्हणून त्याने लोहचुंबक फिरवलं. ते भिंतीजवळ चिकटलं, मधोमध कुठेच नाही. तरी सवयीने त्याने मधे पुन्हा ठोकलं. टक टक.

वरूनही टक टक आलं.

"वर कोण राहतं?"

"कोणी नाही. वर जायला जिनाच नाही," ती म्हणाली. "उंदीर असतील मेले. याला आवडतं ते, ऐकत ऐकत झोपतो."

त्याने परत ठोकलं. आता त्याच जागी आवाज भरीव आला, थेट तुळईसारखा. दुसरा कोणी असता तर डोळे मिटून हुक मारून मोकळा झाला असता. ठोक्या मात्र थांबला, कारण चुंबक इथे चिकटलं नव्हतं. त्याने बारीक भोक पाडून तार आत सारली. लाकूड असलं तर तार अडते. ही कशात तरी मऊ रुतली. मग कोणीतरी ती हळूच, अगदी हळूच, त्याच्या चिमटीतून वर ओढून घेतली.

तो उतरला कसला, घसरलाच. "पाळणा इथे नको. बाळाला या खोलीत झोपवूसुद्धा नका. मला वेड्यात काढा, पण एवढं ऐका!"

त्याचा पांढराफटक चेहरा बघून ती हसायची थांबली. बाळाचा बिछाना तिने त्याच दुपारी बाहेरच्या खोलीत हलवला.

काही दिवसांनी मधलं छत धाडकन कोसळलं. खाली कोणी नव्हतं. तिने ठोक्याला बोलावलं, तो शिडी घेऊन आला आणि पडलेल्या भगदाडातून वर डोकावला. आत काहीच नव्हतं, उंदराची लेंडीसुद्धा नाही. ढिगाऱ्यात त्याची तार तेवढी सापडली. तिचं टोक पाळण्याच्या हुकासारखं सुबक वळवलेलं होतं.

"देवा रे!" ती पुटपुटली.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत बाळ खुदकन हसलं. त्याच्या बिछान्याच्या बरोबर वर टक टक होत होतं.

तिने धावत जाऊन बाळ उचललं आणि अनवाणीच रस्ता गाठला. ठोक्या शिडी तिथेच टाकून तिच्या मागोमाग. त्या घरात ती पुन्हा राहायला गेली नाही.

ठोक्या अजून पाळणे टांगतो, पण फक्त चुंबक लावून. छतावर तो आता ठोकत नाही. शिडीही त्याने नवीन घेतली.