मावशीला गप्प बसवणारा कॅमेरा

शिवणयंत्र आणायला म्हणून आम्ही दोघं बोईसरहून पालघरला गेलो आणि कॅमेरा घेऊन परत आलो. म्हणजे मी घेऊन आले. आमचे हे नुसते उचलायला होते.

झालं असं, की पालघरच्या एका म्हाताऱ्या फोटोग्राफरने धंदा गुंडाळला होता आणि घरातलं सामान विकायला काढलं होतं. त्यात पायाचं शिवणयंत्र होतं. ते बघायला मी वाकले, तर त्याच्या मागे कोपऱ्यात काळं फडकं पांघरून तीन पायांवर कोणीतरी उभं! फडकं उचललं. आत सागवानी पेटी, पितळी कड्या, पुढे भिंग, मागे दुधी काच, आणि दोन्हींच्या मध्ये लोहाराकडे असतो तसा चामड्याचा भाता. मी विचारलं, "हे पण विकायचंय?" म्हातारा म्हणाला, "विकायचंय हो, पण घेणार कोण?"

घेणार कोण, असं कोणी म्हटलं की मला ती वस्तू घ्यावीशी वाटते. आमचं लग्नसुद्धा काहीसं असंच जमलं, पण ते राहू दे.

ह्यांनी तिथंच विचारलं, "यावर ब्लाऊज कसे शिवतात?" पुढे वर्षानुवर्षं घरात कोणाचं बटण तुटलं, उसवलं, की हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "तिच्याकडे द्या, फोटो काढून देईल."

म्हातारा मात्र मोठा प्रेमळ. शटर कधीच मेलंय, हे त्याने आधीच सांगून टाकलं. फोटो काढायचा तर भिंगावरचं टोपण हाताने काढायचं, मनात आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचं. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही, बोलायचं नाही. दुपारभर बसवून त्याने मला फिल्म भरायला आणि धुवायला शिकवलं. तळहाताएवढी निगेटिव्ह कशी उजेडावर धरायची आणि टोकदार पेन्सिलीने तिच्यावरचे डाग, व्रण, देवीचे वण कसे बुजवायचे, तेही दाखवलं. "छोट्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्हवर हे जमत नाही," तो म्हणाला. "नखाएवढ्या चेहऱ्यावर पेन्सिल फिरवणार कुठे?"

एसटीत कंडक्टरने त्या तीन पायांकडे बघून विचारलं, "हे कोण?" हे म्हणाले, "सासरचं माणूस आहे, अर्धं तिकीट द्या." कंडक्टरने पूर्ण लावलं.

घरी आणल्यावर कळलं की भात्याला झुरळांनी भोकं पाडलीत. काळ्या फडक्यात डोकं घालून बघितलं तर आत चांदणं पडलेलं. मी ह्यांच्या जुन्या छत्रीचं कापड कापलं, सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन आणलं आणि एकेक भोक बुजवलं. छत्री तशी चांगली होती, असं ह्यांचं म्हणणं. असेल. न्हाणीघराच्या खिडकीला गोधडी लावून तिथं लाल दिव्याखाली मी फिल्म धुवायची आणि बाहेरून हे विचारायचे, "आज आंघोळ मिळेल का?" पहिले कित्येक फोटो नुसते काळेच आले. शेजारीण म्हणाली, "ताई, मी सावळी आहे, पण इतकी?"

हळूहळू हात बसला. ऐंशीच्या आसपासचे दिवस ते. कारखाने वाढत होते, नवी नवी बिऱ्हाडं येत होती, आणि कोणाला गावी आईकडे पाठवायला, कोणाला मुलगी दाखवायला फोटो लागायचा. आमच्या ओट्यावर स्टूल ठेवलं की झाला स्टुडिओ.

अशीच एकदा किनाऱ्यावरच्या दांडी गावची मुलगी आली. बोईसरच्या बाजारात बोंबील, सुकट घेऊन बसायची, मी तिचीच गिऱ्हाईक. पाटी ओट्याखाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "बाय, तू मेलेल्या मान्साचा फोटू काढतेस काय?"

मी म्हटलं, "कोण गं?"

"माजी आय. शिमग्याला गेली."

आईचा जुना फोटो असेल तर आण, त्यावरून मोठा करून देते, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "फोटूच नाय. एक पन नाय. तेच तर."

मग सगळं सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं. बाप ती तान्ही असतानाच समुद्रात गेला होता, म्हणजे होती ती आईच. मांडवातून निघताना आईबापांच्या पाया पडतात. आई नसेल तर भिंतीवरच्या फोटोच्या पडतात. "मी कोनाच्या पाया पडू? भितीच्या?" पोरगी हसतच म्हणाली, पण डोळे माझ्या कॅमेऱ्यावर. स्टेशनजवळच्या एका फोटोवाल्याकडे जाऊन आली होती. तो हसला होता.

तिने तोडगाही स्वतःच काढून आणला होता. आईची सख्खी बहीण, म्हणजे मावशी, गावातच दिलेली. सगळे म्हणायचे, दोघींचं तोंड एकच. मावशीला आईचं लुगडं नेसवायचं आणि फोटो काढायचा. "मना तर ती आयसारखी जराबी वाटत नाय," ती म्हणाली. "पन लोकं म्हंतात."

मी हो म्हटलं. हे म्हणाले, "जिवंत माणसाला फोटोत मारायला निघालीस, परवानगी तरी घेतलीस का?"

दांडीला आम्ही कॅमेरा टेम्पोने नेला. अंगणात एका बाजूला बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूला सावलीत मी स्टँड लावला. निम्मा गाव जमला. मावशी आली ती बोलतच आली. मी आजवर पुष्कळ बोलणाऱ्या बायका पाहिल्या, आरशातही पाहते, पण ही बाई श्वाससुद्धा बोलता बोलताच घ्यायची.

"हेच काय ते यंतर? याच्यात मी मावेन काय? आनि आदीच सांगते, माज्या फोटूला हार नाय घालायचा. मी जिती हाय. हार घातलास तर मी येऊन काढीन!"

"मावशे, तुजा फोटू नाय तो, आयचा हाय," मुलगी म्हणाली.

"तोंड कोनाचं? माजंच ना?"

मावशीचा नवरा कुडाला टेकून जाळं विणत बसला होता. खाली मान घालूनच म्हणाला, "हार घाला रे. मी आनून देतो."

आईचं लुगडं आणलं तर मावशीने ते हातात घेऊन उलटसुलट केलं. "मीच दिलेलं. कदी नेसली नाय. दिलं तेवा पन बोलली नाय, बरं का वाईट." आणि मग सुरू झालं बहिणीबद्दल. बाजारात शेजारी शेजारी बसायच्या दोघी, पण जागेवरून काहीतरी बिनसलं होतं, आणि त्यानंतर मावशी रोज भांडायची आणि बहीण एक शब्द उत्तर द्यायची नाही. "ती वरडली असती ना, तर मिटलं असतं. गप बसायची नुसती! गप बसून मान्साला मारायची." हे ती पदर लावताना सांगत होती, केस बांधताना सांगत होती, मी खुर्ची सरकवली तरी सांगत होती.

सगळं जमलं आणि मग एका म्हाताऱ्या बाईने हळूच म्हटलं, "आनि कुंकू?"

मुलीची आई विधवा. इतकी वर्षं कपाळ मोकळं. आणि मावशीच्या कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू, नवरा समोर जाळं विणत बसलेला. ते कुंकू पुसायचं, भर अंगणात, नवऱ्याच्या डोळ्यांदेखत? बायकांनी तोंडाला पदर लावले. आणि न पुसता काढला तर तो आईचा फोटो कसला?

मुलीचा चेहरा उतरला. "ऱ्हाऊ दे, बाय," ती म्हणाली. "मावशीला असलं नाय सांगनार मी. ऱ्हाऊ दे फोटू."

मावशी पहिल्यांदाच अडखळली. नवऱ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, हात अर्धवट कपाळाकडे गेला.

मी म्हटलं, "अगं थांब, हात नको लावू! कुंकू राहू दे तिथंच. मी ते निगेटिव्हवर पेन्सिलीने बुजवेन. तुझ्या कपाळावरचं तुझ्या कपाळावर, फोटोतलं तेवढं नाही."

बायकांनी आपापसात कुजबुज केली. पेन्सिलीचं चालतं का, याचा कुठे नियम असणार! शेवटी सगळ्या मावशीच्या नवऱ्याकडे बघायला लागल्या. त्याने जाळं खाली ठेवलं. "म्हंजे बाय मना पेन्सिलीनं मारनार," तो म्हणाला. "मारू दे. पोरीचं काम होतंय ना?"

मावशीने त्याला अशी काही शिवी दिली की ती मी लिहीत नाही, पण बसलेले सगळे हसले. मंगळसूत्र तिने स्वतःच पदराखाली सारलं.

आता काळ्या फडक्यात शिरून बघते तर मावशी काचेवर उलटी, आणि तोंड चाललेलं. चेहरा जागेवर ठरेना. मी बाहेर येऊन सांगितलं, "मावशी, याला शटर नाही. टोपण काढलं की मी मोजेन. तेवढं गप्प बसायचं, ओठ हलला तरी फोटो बिघडेल."

"बसते की! मी काय गप बसत नाय काय? आमच्या घरात इचारा…"

"आमच्या घरात नका इचारू," नवरा म्हणाला.

"एकदा नुसतं बसून दाखव," मी म्हटलं. "टोपण काढायच्या आधी."

तिने ओठ मिटले. हात मांडीवर ठेवले आणि समोर बघितलं. मी काचेत बघत होते. गालाचे स्नायू सैल झाले, डोळे खाली आले, कडेला दोन रेषा उतरल्या, ज्या बोलताना कधी दिसतच नव्हत्या. मी तिच्या बहिणीला ओळखत नव्हते, पण कोणीतरी दुसरंच येऊन बसलंय, एवढं मला कळलं. मी मुलीला फडक्यात ओढलं. ती काचेपुढे मान वाकडी करून बघायला लागली.

मग आतूनच, फडक्याच्या आतून, आवाज आला, "आय."

बाहेर म्हाताऱ्या बाईने ते काचेशिवायच पाहिलं होतं. ती हात जोडून उभी होती. जन्मभर मावशीचं तोंड कधी बंद पाहिलंच नव्हतं कोणी, मग ते कोणासारखं आहे हे नीट दिसणार कधी! नवऱ्याने जाळं परत उचललं नव्हतं. "लग्नाच्या दिवशी पन इतकी गप नवती," तो म्हणाला, पण हळू.

मी घाईने फिल्म आत सरकवली, टोपण काढलं, मोजलं, लावलं. एकच काढला. दुसऱ्या वेळी ती तशी बसली असती असं मला वाटलं नाही.

घरी भर दुपारी खिडकीशी निगेटिव्ह धरून मी ते कुंकू बुजवलं. निगेटिव्हवर कुंकवाची जागा काचेसारखी स्वच्छ असते, तिथं पेन्सिलीने बारीक बारीक टिंबं द्यायची, भोवतालच्या कपाळाएवढी करडी होईपर्यंत. हे मागे येऊन उभे राहिले. थट्टा करतील असं वाटलं, पण म्हणाले, "माझ्यामुळे उजेड अडतोय का?" आणि स्वतःच बाजूला झाले.

फोटो चौकटीत घालून हळदीच्या आधीच आम्ही लग्नघरी घेऊन गेलो. मुलीने भिंतीवर लावला, हार घातला. मावशीने पाहिला तेव्हा मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, आता हारावरून ऐकावं लागणार. ती फोटोपुढे गेली. खूप जवळ गेली. बोलली काहीच नाही. हळदीला नाही, अक्षतांना नाही, जेवणाच्या पंगतीत नाही. कुठेतरी कोपऱ्यात बसून राहायची आणि नजर भिंतीवर. लोक विचारायला लागले, मावशीला बरं नाही काय?

निघायची वेळ झाली. मुलगी फोटोच्या पाया पडली, चांगलं कपाळ टेकवून. मग मावशीकडे आली. वाकली. मावशीने डोक्यावर हात ठेवला आणि तशीच ओठ मिटून बसून राहिली. तेच तोंड, जे काचेत आलं होतं.

मुलगी वाकलेलीच होती. म्हणाली, "मावशे, तू बोल गं. गप बसनारी भितीवर हाय. तू पन गप बसलीस तर मी जाऊ कशी?"

मावशीने नाक ओढलं, पोरीला दंडाला धरून उभं केलं आणि नखशिखांत बघितलं. "हा पदर कोनी लावला?" ती म्हणाली. "दोन पावलात सुटंल. तिकडं घरात शिरताना सुटला तर मना नाव ठेवतील, तुज्या आयला नाय! आनि भाकरी नीट थापायची, तुजी भाकरी वाकडी होते, मी सांगितलं नवतं म्हनू नको…"

टेम्पो सुरू झाला तरी ती त्याच्याबरोबर चालत बोलतच होती. मुलगी मागच्या फळीला धरून मान हलवत होती, हो मावशे, हो मावशे, आणि मावशीचा नवरा वरातीला हात करून सांगत होता, "जावा आता, जावा. तिचं नाय संपनार."