निळे पुठ्ठे, तपकिरी पुठ्ठे

माझी मावशी वीस वर्षं बाहेरची परीक्षक होती. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प-अहवाल तपासायला तिच्या घरी यायचे आणि जेवणाचं टेबल महिनाभर त्यांच्याखाली दबून जायचं.

आमच्या राज्यातल्या प्रत्येक कॉलेजची तिने मनात एकेक ओळ लिहून ठेवली होती. म्हणजे त्या ओळी सगळ्यांच्याच तोंडी होत्या, हिच्या जरा जास्त. घड्याळ कॉलेज हुशारांचं. तिथली पोरं हसायच्या आधीसुद्धा वेळ बघतात. तळ्याकाठचं कॉलेज कपडे दाखवण्याचं. टेकडीवरच्या कॉलेजात परीक्षांपेक्षा मोर्चे जास्त. आणि नदीपलीकडचं? "पूल ओलांडला की डिग्री हातात," असं म्हणून मावशी हसायची. माझे काका, म्हणजे तिचे यजमान, नदीपलीकडच्याच कॉलेजात शिकलेले. पुढे पाणीपुरवठ्याच्या पंपघरात त्यांनी नोकरी केली. तेही हसायचे, निदान हसल्यासारखं करायचे.

एका दुपारी बाइंडर दारात आला. घड्याळ कॉलेजचे पुठ्ठे निळे, नदीपलीकडचे तपकिरी. दोन्हीकडचं काम तोच करायचा. आत फक्त बैठक क्रमांक असायचा, कॉलेजचं नाव असायचं ते पुठ्ठ्यावर.

"बाई, घोटाळा झालाय," तो म्हणाला. "दोन्ही गठ्ठ्यांच्या पुठ्ठ्यांची अदलाबदल झाली. क्रमांक पडताळताना कॉलेजच्या कारकुनाच्या लक्षात आलं. तुम्ही अजून तपासले नसतील ना?"

मावशीने ते आदल्याच दिवशी तपासून संपवले होते.

तो गेल्यावर तिने गठ्ठे उघडले. मी समोरच बसले होते. एका निळ्या अहवालात आकडेमोड चुकली होती, आणि तिने समासात लिहिलं होतं, 'धाडसी विचार.' अठ्ठ्याऐंशी गुण. एका तपकिरी अहवालातली मांडणी इतकी स्वच्छ होती की मलाही कळत होतं. त्यावर लाल शाईने लिहिलं होतं, 'कुठून उतरवलं?' बावन्न.

मावशी उठली, धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. मग ते तसेच ठेवून परत टेबलाशी आली. खुर्ची ओढली, पण बसली नाही.

"यंदाचे परत तपासता येतील," ती म्हणाली. "पण आधीचे?"

काका पेपर वाचत होते. त्यांनी तो खाली ठेवला.

"माझ्या अहवालावरही असंच लिहिलेलं होतं," ते म्हणाले. "शब्द निराळे, अर्थ हाच. मी उतरवलं नव्हतं."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू पुलाचा विनोद सांगायचीस. त्यात कुठे मध्ये बोलणार?"

चपला पायात सरकवून मावशी परीक्षा विभागात गेली, मला बरोबर घेऊन. तिथले साहेब समजूतदारपणे म्हणाले, "बाई, निकालाला चार दिवस राहिलेत. पुठ्ठे बदला, गुण राहू द्या. कोणाला कळतंय?"

"मला कळलंय ना," मावशी म्हणाली.

बेचाळीस अहवालांचे पुठ्ठे तिने बाइंडरकडून उतरवून घेतले आणि दोन दिवसांत सगळे नव्याने तपासले. अठ्ठ्याऐंशीचे सत्तर झाले, बावन्नचे ऐंशी. साहेबांनी गुण बदलून घेतले, आणि पुढच्या वर्षीच्या परीक्षकांच्या यादीतून तिचं नाव काढून टाकलं. त्याचं तिला विशेष वाटलं नाही. तिचा जीव अडकला होता मागच्या वीस वर्षांत. जुने अहवाल तर कधीच रद्दीत गेले होते. पण 'कुठून उतरवलं' हा शेरा आपण नेमका कोणाकोणाला दिला, हे तिला आठवल्याशिवाय चैन पडेना. भाजी चिरताना मध्येच सुरी ठेवून ती क्रमांक आठवत राहायची.

शेवटी एका सकाळी ती मला घेऊन पूल ओलांडून त्या कॉलेजात गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिथल्या प्रयोगशाळेतल्या शिक्षिकेने तिला लगेच ओळखलं. बारा वर्षांपूर्वी ती तिथेच विद्यार्थिनी होती, आणि तिची तोंडी परीक्षा मावशीनेच घेतली होती, परीक्षा विभागात.

मावशीने आडपडदा न ठेवता विचारलं, "तुझ्या अहवालावर मी 'कुठून उतरवलं' असं लिहिलं होतं का?"

"हो."

"माझं चुकलं. माफी मागायला आलेय."

शिक्षिका हातातली काचनळी पुसत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी खरंच उतरवलं होतं. मोठ्या भावाच्या वहीतून, शब्दन् शब्द."

मावशीला हसू आलं. मला वाटलं, सुटली एकदाची. तेवढ्यात ती शिक्षिका पुढे म्हणाली, "पण माझ्या शेजारी एक जण बसायचा. सहा महिने त्याने इथे, याच टेबलावर काम केलं. तुम्ही त्यालाही तेच लिहिलंत. तोंडी परीक्षेत त्याने सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणालात, पुढचा कोण आहे?"

"कुठे असतो तो?"

"माहीत नाही. निकालानंतर कोणाशी बोलला नाही. घरही बदललं त्यांनी."

मावशीने तिथेच त्याचं नाव आणि जुना पत्ता लिहून घेतला. त्या पत्त्यावर आता शिवणकामाचं दुकान आहे. दुकानदारीण म्हणाली, आधीचे भाडेकरू कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. कॉलेजच्या जुन्या रजिस्टरात वडिलांच्या कारखान्याचं नाव मिळालं, पण तो कारखाना बंद पडलाय. मावशीने तिथल्या तीन जुन्या कामगारांना गाठलं. एकाला वडील आठवतात, मुलगा नाही.

याला आता दीड वर्ष झालं. काका एकदा म्हणाले, "तो कुठेतरी सुखात असेल गं."

"असेल," मावशी म्हणाली. "पण हे आपणच कसं ठरवायचं?"

काल तिचा फोन आला. चौथा कामगार सापडलाय, दोन तासांवरच्या गावात राहतो. रविवारी येशील का बरोबर, म्हणून विचारत होती. मी हो म्हणेपर्यंत तिने बसची वेळही सांगून टाकली.