एक पाकळी कमी असलेलं फूल

भोकरदनच्या मैमूनाचे हात मनगटापर्यंत कायम रंगलेले. तिच्या लग्नात मेंदी काढायला बसलेली बाई म्हणाली होती, "आता इथं मी काय काढू?"

कापडावर लाकडी ठसे उमटवायचं काम तिच्या माहेरी आणि सासरीही चालायचं. ठसा रंगात टेकवायचा, कापडावर धरायचा, वरून मुठीचा एक ठोका. त्या ठोक्याला अशी लय होती, की गल्लीतून जाणाऱ्याची पावलं आपोआप तालात पडत.

बेबीनंदा तिची जिवाभावाची मैत्रीण. बौद्ध वस्तीतली पहिली मास्तरीण. चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत ती एकदा म्हणाली, "आमच्या हेडबाईंना वाढदिवसाचं कार्ड आलं, औरंगाबादहून. मला कोण पाठवतंय? शाळेच्या रजिस्टरात माझ्यासकट अर्धा तालुका एक जूनलाच जन्मलाय!"

ती हसली. पण हसून झाल्यावर उगाच पदर नीट करत बसली. मैमूनानं ते पाहिलं आणि मनात ठरवलं, हिला कार्ड द्यायचं, आणि तेही खऱ्या दिवशी.

दिवस विचारायला ती बेबीच्या आईकडे, चांगुणाबाईंकडे गेली.

"तारीख कोणाला ठाऊक, बाई? हुरडा आल्ता. संक्रांतीनंतरचा दुसरा बाजार. तुझ्या सासूनं छापलेल्या चादरीत गुंडाळलं होतं पोरीला. त्या फुलाला एक पाकळीच नव्हती बघ!"

मैमूनाचे डोळे चमकले. तो टवका उडालेला ठसा अजून पेटीच्या तळाशी होता.

संक्रांतीनंतरचा दुसरा बाजार उजाडला. बेबीनंदा शाळेच्या गावाहून दुपारच्या बसनं येणार होती. मैमूनानं दुकानातून जाड कागदाचे तीन तुकडे आणले होते. मांडी घातली, ठसा घेतला आणि सवयीनं तुरटीच्या खळीत टेकवला. ठोका! दुसऱ्या कागदावर ठोका! मग थबकली. दोन्ही कागद कोरेच, नुसते ओलसर. तुरटीचा ठसा लाल होतो तो नंतर, कापड रंगाच्या कढईत उकळल्यावर.

दारातून तिचा नवरा अजमत बघत होता. "मैमूना, अब कागज भी उबालेंगी क्या?"

"हसा! तुम्हाला कोणी कार्ड देणार न्हाई."

दोन कागद वाया गेले, उरला एक. दुकान बाजाराच्या गर्दीत बुडालेलं, आणि बस यायला जेमतेम दोन तास.

ती शांत बसली. कापडाला आधी हिरड्याचं पाणी देतात, म्हणून त्यावर लोखंड-गूळ आंबवून केलेला काट काळाभोर उमटतो. मग कागदानं काय घोडं मारलंय? तिनं हिरड्याच्या पाण्यात फडकं बुडवून पिळलं आणि कागदावरून हलकेच फिरवलं. कागद पापडासारखा वाकला. उन्हात वाळवून पाट्याखाली सरळ केला. मग ठसा काटात टेकवला, श्वास रोखला आणि एकच ठोका दिला.

आधी राखाडी सावली आली. मग विंगेतून एखादा नट सावकाश उजेडात यावा, तसं काळं फूल पुढं आलं. एक पाकळी कमी.

दुपारी बेबीनंदा आली, पिशवीत भाजी घेऊन. मैमूनानं कार्ड तिच्या हातात ठेवलं.

"हे काय गं?"

"वाढदिवस. आज तुझा. मावशीला इचारून आले."

बेबीनंदानं मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "ही पाकळी…"

"जन्मल्यावर तुला ज्या चादरीत गुंडाळलं होतं, तिच्याच ठशाचं हाय. चादर माझ्या सासूच्या हातची."

बेबीनंदा नाक ओढत म्हणाली, "तारीख न्हाई टाकली?"

"मला कुठं लिहिता येतं? मास्तरीण तू हायेस ना?"

बेबीनंदानं पर्समधून पेन काढलं आणि तिथंच उंबऱ्यावर बसून फुलाखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं : हुरड्याचे दिवस, संक्रांतीनंतरचा दुसरा बाजार.

एक जून तिनं लिहिलं नाही.