पाठदुखीचं पत्र

वडील सोमालियातल्या शांतिसेनेतून रजेवर पाथर्डीजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा मी नगरच्या इंग्रजी शाळेत नववीत होते. त्या उन्हाळ्यात गावाला टँकरनं पाणी यायचं. एका सकाळी टँकर थांबताच बाया हंडे घेऊन धावल्या, आणि वडील त्यांच्यासमोर उभे राहून ओरडू लागले, "खाली बसा! हात वर!"

"आरं बाबा, पानी न्यायला आलोय आमी," शेजारची म्हातारी म्हणाली. "हात वर केल्यावर हंडा काय दातानं उचलू?"

सगळ्या हसल्या. वडील तसेच हात रोखून उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले नाही, माझा हंडा धरून तिथेच उभी राहिले.

दुपारी त्यांनी मला वही घ्यायला सांगितली. "पलटणीतल्या डॉक्टरसाहेबांना इंग्रजीत लिही, परत गेल्यावर देतो; तोंडानं सांगवत न्हाई. झोप येत न्हाई म्हनावं. तिकडं सोमालियात टँकरपाशी जे झालं, ते डोळ्यांपुढून जात न्हाई."

ते अंगणात गेल्यावर आई जवळ आली. "असलं लिहू नको. येडा ठरवतील, घरी धाडतील. पाठ दुखती म्हनून लिही."

मी पाठदुखीबद्दल अर्धं पान लिहिलं. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "समदं आलं ना?" एवढंच विचारून त्यांनी सही केली. मी मान डोलावली.

रजा संपल्यावर ते पत्र घेऊन वडील परत गेले. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. डॉक्टरांनी पाठीला मलम दिलं होतं. खाली लिहिलं होतं, 'झोपेचं त्यांनी काहीच विचारलं नाही. तू लिहिलं होतंस ना?'