बकासुर पडेना

भीम-बकासुराचा चित्रपट मी काढतोय म्हटल्यावर घरचे म्हणाले, पुण्यात पहिलवान मिळत नाहीत का? मिळतात, पण कापूस भरलेले. खरा गडी हवा तर कोल्हापूरच. महाराजांना कुस्तीचा षोक, त्यामुळे तिथे गल्लोगल्ली तालमी. रडणारं कुटुंब, गाडाभर अन्न हे सगळं पुण्यात चित्रित झालं होतं. शेवटचं युद्ध तेवढं उरलं होतं आणि फिल्मची गुंडाळीही एकच. बकासुर पडला की चित्रपट पुरा, नाहीतर सगळंच फुकट.

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, मिरजेला गाडी बदलावी लागते. तिथे मी हमालाला कॅमेऱ्याची पेटी दिली नाही. हमाल फार गोड बोलत होता. हातकणंगल्याला एक शेतकरी डब्यात चढला तो पेटीकडेच बघत.

"पावणं, आत काय हाय?"

"चित्रं."

"मग झाकून कशाला ठेवलीसा?"

पुढचा सगळा प्रवास मी पेटीवर बसून केला. कोल्हापूरला टांगेवाला सहा आणे म्हणाला, मी पाठ फिरवताच चारावर आला. खरा भाव तीन असणार.

संध्याकाळी गंगावेशीत जरूर जावं. म्हशी उभ्याच असतात, पेला पुढे केला की डोळ्यांदेखत धार काढून देतात. या गावात मला संशय घेता आला नाही अशी तेवढी एकच गोष्ट.

गावातल्या एका जैन व्यापाऱ्याने, अण्णांनी, खर्चाला हातभार लावायचा शब्द दिला होता. त्यांनी शांतपणे विचारलं, "शेवटी काय हाय त्यात?"

"भीम बकासुराला मारतो."

"मारतोच?"

"मारतोच."

"मग आमचा पैसा त्यात न्हाई. हत्येला आमी हात लावत न्हाई. दिवस बुडायच्या आत जेवून जावा."

पुरणपोळी उत्तम होती. पण निमित्त सांगून मला कटवलं, असंच वाटत राहिलं.

तालमीत मात्र डोळे निवले. दौलू वस्ताद साठीचे, दोन्ही कान कुस्तीत मोडलेले. त्यांचे पठ्ठे शिवा आणि मारुती. शिवा भीम, मारुती बकासुर. मारुतीची छाती कॅमेऱ्यात मावेना! अशी माणसं इथे आहेत आणि त्यांना पडद्यावर आणायला कोणी दमडी देत नाही, याचा मला मनापासून संताप आला.

सकाळी उन्हासाठी नदीकाठच्या मैदानात गेलो. लाल माती पसरली. मारुतीला समजावलं, शिवा उचलेल, तू पाठीवर पडायचं.

"चीत व्हायचं?"

"खोटं-खोटं रे."

"पाठ खोटी न्हाय की माझी! मैदानात मातीला लागली तर एकदा लागती. ह्यात रोज लागंल. पुण्यात, ममईत, जितं पडदा तितं."

तो जाऊन झाडाखाली बसला. पलीकडच्या तालमीने फितवलं असेल? की जास्त पैसे हवेत? मी दोन्ही विचारून पाहिलं. तो काही उठेना. ऊन चढत होतं.

वस्तादांनी पटका काढला. "मी पडतो."

"तुम्ही?"

"माझी लागलीया एकदा. ह्याच मैदानात, समद्या गावानं बघितलीया. आता पुन्ना लागली तर काय जातंया? पर पोरांची नगं."

मागून काहीतरी मागतील, असं वाटलंच. तरी त्यांच्या तोंडाला काजळी फासली आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवायला लागलो. शिवाने वस्तादांना उचललं, गरकन फिरवलं आणि भरली घागर ठेवावी तसं खाली ठेवलं. खांदे टेकले. बकासुर मेला. आणि भीमाने वाकून बकासुराचे पाय धरले!

"अरे, काय करतोस!" मी ओरडत होतो, हात दांडा फिरवतच होता. गुंडाळी संपली.

"वस्ताद हायत," शिवा म्हणाला. "पाठ लावली, मग पाया नगं पडाय?"

रागारागाने पेटी आवरली. वस्तादांनी काही मागितलं नाही, याचाही संशय आला. परतीच्या गाडीत पुण्यापर्यंत ठरवत होतो, हा घात नेमका कुणी घडवून आणला.

घरी फिल्म धुतली, वाळवली, दिव्यासमोर धरली. मी ओरडत असताना मला जे दिसलं नव्हतं, ते तिथे होतं. भीम पाय धरतो आणि मेलेल्या बकासुराचा हात सावकाश आशीर्वादाला उठतो.

बायको शेजारी उभी होती. "एवढं कापाल ना?"

कात्री हातातच होती. पाय धरणं कापलं की चित्रपट सरळ संपतो. नाही कापलं तर लोक हसणार, याबद्दल मला शंका नाही. तेवढी फिल्म पुन्हा दिव्यासमोर धरली, मग कात्री ठेवून दिली. वस्तादांची पाठ आता रोज लागणार, जिथे पडदा तिथे. मग त्यांचा हातही रोज उठू दे.