चार वेळा ठरलेली सहल

घर बांधून झालं की मागच्या अंगणात अर्ध्या विटा उरतात. टाकवत नाहीत, कशात बसत नाहीत, आणि बघता बघता त्यांचा ढीग होतो. किस्स्यांचं तसंच आहे. दोन हजार पाच साली मी सहा महिने इंग्लंडात, बेसिंगस्टोकला मुलाकडे राहिलो आणि परत आलो, तेव्हा बॅगेत चॉकलेटं कमी आणि किस्से जास्त होते. त्यातले एका सहलीचे सांगतो.

*

विलास आमचा आयटीत. तो आणि सूनबाई कामाला गेली, नात शाळेत सोडली, की मी शॉपिंग सेंटरमधल्या बाकावर जाऊन बसायचो. तिथं आणखी दोघं यायची, तीही अशीच मुलांकडे आलेली. नागपूरचे वानखेडे साहेब, बँकेचे रिटायर मॅनेजर. आणि पुण्याच्या लेलेबाई, हायस्कुलात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांची लेक इथं डॉक्टर. मी गवंडी. चौथीनंतर शाळा पाहिली ती बांधतानाच.

साहेब लायब्ररीतून पत्रकं आणायचे. एकदा सिलचेस्टरचं आणलं. रोमन लोकांचं गाव होतं म्हणे, आता नुसती भोवतालची भिंत उरली आहे. फोटो बघितला आणि मी म्हणालो, "मला हे बघायचंय." पाच महिन्यांत मी पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

"आप्पा, हे पडलेलं आहे बाप्पा," साहेब म्हणाले. "पडलेलं पाहायला कोणी जाते काय?"

"का नाही?" लेलेबाई म्हणाल्या. "तुम्हाला भेटायला आम्ही रोज येतोच ना."

सहल ठरली.

*

त्याच पत्रकाच्या मागं आणखी एक फोटो होता. खड्ड्यात गुडघे टेकून बसलेली पोरंपोरी, प्रत्येकाच्या हातात गवंड्याची करणी. मी म्हणालो, हे तर आमच्यातले. साहेबांनी समजावलं की हे संशोधक आहेत, माती खरवडून जुन्या वस्तू शोधतात. असतील. पण करणी आमचीच होती, सांधे भरायची, लहान.

सात वर्षं मी नुसता चुन्याचा माल कालवला, तेव्हा कुठं उस्तादानं आपली करणी धोतराला पुसून माझ्यापुढं धरली. मूठ माझ्याकडे करून. त्या दिवसापासून मी गवंडी. आमच्यात तेच सर्टिफिकेट.

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि लेखी काय दिलं?"

*

साहेबांनी प्लॅन लिहून काढला. दोन पानी. माणसं तीन, पुऱ्या साठ. आणि एक अट: फोरकास्टमध्ये पाऊस नसलेलाच शनिवार धरायचा. इंग्लंडात!

पहिल्या शनिवारी टीव्हीवर ढग दाखवला. कॅन्सल. दुसऱ्या शनिवारी तेच, तिसऱ्याला तेच. आणि तिन्ही शनिवारी लख्ख ऊन पडलं. आम्ही तिघांनी सगळी सहल बाकावरच केली, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाऊन. पहिल्या शनिवारी सिक्युरिटीवाला आला, इथं जेवायचं नाही म्हणाला. लेलेबाईंनी त्याच्या हातावर पुरी ठेवली.

तिसऱ्या शनिवारी तो आपणहून आला. खाली बसला आणि विचारलं, पुढच्या आठवड्याचा फोरकास्ट कसा आहे?

*

पुढच्या आठवड्यात बुधवारी माझं परतीचं विमान होतं. विलास म्हणायचा, आप्पा, वीकेंडला कारनं नेतो. पण त्याचं प्रोजेक्ट लाइव्ह जात होतं आणि वीकेंड संपले. सोमवारी तो म्हणाला, पुढच्या वेळी नक्की. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला पुढची वेळ दाखवतात, तेव्हा तो हो म्हणतो. मीही म्हणालो.

आयुष्यात मी कुणाला घाई केली नाही. चुना भिजायला जितका वेळ घेईल तितका द्यावा लागतो. पण मंगळवारी सकाळी बाकापाशी गेलो आणि उभ्यानंच सांगितलं, "मी चाललो. बस नाही मिळाली तर चालत."

साहेबांनी फोरकास्ट काढला. लेलेबाईंनी त्यांच्या हातातून तो दोन पानी प्लॅन घेतला, त्याची घडी घातली आणि परत त्यांच्याच हातात दिली. "पाऊस आला तर हा डोक्यावर धरा. चला."

*

बसनं खेड्यात सोडलं. पुढं शेतातून पायवाट, आणि पायवाटेवर गाई. वीसेक तरी असतील, एकेक हत्तीएवढी. पलीकडं भिंत दिसत होती. साहेब फाटकाशीच थांबले.

"इंग्लिश गाई आहेत आप्पा. आपलं काहून ऐकतील?"

मी पुढं झालो आणि गावाकडं म्हणतो तसं म्हणालो, हो बाई, सर, सर. त्या सरल्या. साहेब माझा स्वेटर मागून धरून आले.

लेलेबाई म्हणाल्या, "यांना कळलं हो! नागपूरकरांपेक्षा बरं मराठी आहे इथल्या गाईंचं."

*

भिंत चांगली दोन पुरुष उंच. वरचा घडीव दगड लोकांनी कधीच काढून नेलेला, आतलं भरण उघडं पडलेलं. गारगोट्यांचे थर, आणि मधूनमधून चपट्या दगडांची एक ओळ, सगळ्याला बांधून ठेवायला. चुन्यानं अजून धरून ठेवलं होतं. मी हात लावून चालत राहिलो. साहेब दोनदा घड्याळ बघून पुन्हा मागून चालू लागले.

खोदकामावरची एक इंग्रज बाई, गुडघ्यापर्यंत चिखल, आठदहा लोकांना भिंत दाखवत होती. मी एका जागी बराच वेळ थांबलेला बघून तिनं विचारलं, काही हवंय का.

"त्यांना सांगा," मी लेलेबाईंना म्हणालो, "इथं गवंड्यांची टोळी बदलली. इथपर्यंतचा मिस्त्री धीराचा, एकेक चपटा दगड निवडून बसवलाय. इथून पुढं दुसरा. त्याला उरकायचं होतं. दोघांच्या ओळी बघा, एका पातळीत आल्या नाहीत."

लेलेबाईंनी सांगितलं. त्या बाईनं वाकून बघितलं, चार पावलं मागं जाऊन बघितलं. मग बरोबरच्या लोकांकडं पाठ करून लेलेबाईंशी बरंच बोलली.

"यांचाही हाच अंदाज आहे," लेलेबाई मला म्हणाल्या. "भिंत वेगवेगळ्या टोळ्यांनी बांधली असा. आणि विचारताहेत, तुम्ही कुठल्या युनिव्हर्सिटीत होतात?"

मी आठवून बघितलं.

"होतो एका. दोन वर्षं. लायब्ररीची दक्षिणेकडची भिंत माझी."

हे इंग्रजीत सांगायला वानखेडे साहेब पुढं झाले. छाती काढून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

बरोबरचे लोक हसले. ती हसली नाही. तिनं मागच्या खिशातून करणी काढली, पँटला पुसली आणि माझ्यापुढं धरली. मूठ माझ्याकडे करून.