उजवी पाकळी आणि मिडॅझोलाम

आमच्या डिचोलीकडे देवाला विचारल्याशिवाय मोठं काही ठरत नाही. प्रसाद लावायचा, म्हणजे मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली की होकार. लेकीला बंगळूरच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तेव्हा मी तीनदा प्रसाद लावला. तिन्ही वेळा उजवीच पडली. पहिल्यांदा मी म्हटलं, पाकळी जास्त भिजली होती. दुसऱ्यांदा पंख्याचा वारा लागला. तिसऱ्यांदा गुरवाने माझ्याकडे असं बघितलं की कारणच सुचेना. एकुलती एक पोर. ती गेली की घर खायला उठणार, हेच माझं खरं दुखणं.

त्या धास्तीने पोटात जळजळ सुरू झाली आणि म्हापशाला दुर्बिणीची तपासणी ठरली. गुंगीच्या सुईआधीच मी भीतीने अर्धी झाले होते. लेकीने बाकावर बसून समजावलं, की मेंदूत गाबा नावाचं रसायन असतं, ते पेशींना शांत करतं. सुईतलं गुंगीचं औषध, मिडॅझोलाम, गाबाच्या शेजारी बसतं आणि त्याला पेशीचं दार पुन्हा पुन्हा उघडायला लावतं. मग धास्ती गप्प होते, आणि त्या वेळचं बहुधा आठवतही नाही. मी म्हटलं, म्हणजे कान भरणारी शेजारीण.

सुई टोचली आणि मला भलतंच हसू फुटलं. छतावरचा दिवा ओळखीचा वाटला, म्हणून मी त्याला नमस्कार केला. पुढचं सगळं कोरं.

शुद्धीवर आले तर तिथल्या नर्सबाई हसू दाबत होत्या. मी म्हणे डॉक्टरांना जेवायला बोलावलं, आणि लेकीचा हात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "जा गो बाय. देवान कधीच होय म्हटल्यान. मीच लबाड."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता ही माझा शब्द धरून बसणार. पण ती इस्पितळाने दिलेला कागद वाचत होती: आज वाहन चालवू नये, कशावरही सही करू नये.

"आज तू बोललंस ता धरूचा नाय," ती म्हणाली. "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेर पाव देऊन गेला. मी चहा ओतला. रुसून गेलेली धास्ती सामानसुमानासकट परत आली होती. मी कप लेकीपुढे सरकवला आणि म्हटलं, "जा."

तिने माझ्याकडे निरखून बघितलं. "औषध उतारला मा गो?"

उतरलं होतं. मी रडत होते, हसतही होते, आणि तिला नीट ऐकू जावं म्हणून पुन्हा एकदा म्हटलं, "जा."